मंगफचे बुक्सुर साहेब

गुरुप्रसाद गायधनी यांचा एक सिद्धांत होता आणि कुवेतच्या मंगफ वस्तीतल्या निम्म्या मराठी घरांना तो तोंडपाठ झाला होता. माणसाशी त्याच्या भाषेत दोन शब्द बोला, की तो अर्धा आपला होतो. उरलेला अर्धा चहावर होतो. पुरावा म्हणून ते कुवेतमधल्या पहिल्या वर्षाचा किस्सा सांगत. सरकारी कचेरीच्या खिडकीपाशी त्यांनी 'शुक्रान, हबीबी', म्हणजे 'आभारी आहे, मित्रा', म्हटलं आणि आतला माणूस चक्क हसला. हसला हे खरं. मग तो 'बुक्रा' म्हणाला, म्हणजे उद्या, आणि तो उद्या तीन आठवड्यांनी उजाडला, एवढा भाग किस्स्यातून गळालेला असे.

त्यामुळे जूनमधल्या एका शुक्रवारी सलीलच्या घरी मिसळ खाताना त्यांनी "आइसलँडला मीच जाणार" असं जाहीर केलं, तेव्हा कुणी हातातला पाव खाली ठेवला नाही.

सलील पुण्याचा. गुरुप्रसादच्याच कंपनीत, आणि त्यांच्याच इमारतीत दोन मजले वर. कंपनीने आइसलँडच्या एका कंपनीशी करार केला होता. जमिनीच्या पोटातली वाफ वर काढायची, तिच्यावर वीज करायची, आणि त्या कामासाठी इथला एक इंजिनिअर दोन वर्षं पाठवायचा. तिकडून एक बाई महिन्याभराने एका मंगळवारी येणार होत्या. तिघांना हॉटेलात जेवायला बोलावणार आणि जेवता जेवता एकाला निवडणार.

"सर्क्युलर पूर्ण वाचलंस का?" सलीलने विचारलं.

"वाचायचंय काय त्यात? वाफ, पंप, पाइप. नोकरीला लागल्यापासून तेच करतोय."

"मागे जोडपत्रं आहेत."

"जोडपत्रं तुझ्यासारख्यांसाठी असतात. तू का नाही नाव दिलंस?"

सलीलने तर्रीत पाव बुडवला आणि तो पुरता भिजेपर्यंत थांबला. "मला ते हवामान झेपायचं नाही रे."

पुणेरी माणूस थंडीला घाबरला, अशी नोंद गुरुप्रसादने मनातल्या मनात जमेच्या बाजूला केली आणि आणखी एक पाव घेतला.

चारुशीलाने, म्हणजे त्यांच्या पत्नीने, हे जाणं केव्हाच पक्कं धरलं होतं. कुवेतच्या उन्हाळ्याशी तिचा जुना झगडा होता. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी असं उकळायचं, की अंघोळीला गार पाणी हवं तर गीझर बंद करून त्यात आदल्या दिवशी भरलेलं पाणी वापरायचं. "जिथे गीझरचा फ्रीज होतो," ती म्हणायची, "त्या गावात माणसाने किती वर्षं राहावं?" नाशिकच्या बहिणीला तिने 'आम्ही बर्फात चाललो' असं कळवूनही टाकलं होतं. महाराष्ट्र मंडळाच्या बायकांनाही सांगून झालं होतं. म्हणजे परतीचे दोर गुरुप्रसादने नव्हे, चारुशीलाने कापले होते, आणि व्यवस्थित गाठी मारून कापले होते.

तर आता प्रश्न होता तो आइसलँडच्या बाईंना अर्धं आपलं करण्याचा.

गुरुप्रसादने इंग्रजीतून आइसलँडिक शिकवणारी एक वेबसाइट शोधली. पहिला पाठ, नमस्कार आणि ओळख: त्यावर कुलपाचं चित्र. दुसरा पाठ, जेवणखाण: कुलूप. तिसरा, प्रवास: कुलूप. पैसे न भरता उघडणारा पाठ एकच होता: कपडे आणि पेहराव.

"हाच खरा गाभा आहे," त्यांनी चारुशीलाला समजावलं. "थंड देशात माणूस दिवसभर करतो काय? कपडे चढवतो आणि कपडे उतरवतो."

"आणि मधे बोलतो काय?"

"कपड्यांबद्दलच बोलत असेल."

मग पाठांतराची शास्त्रशुद्ध पद्धत निघाली. कपाटातल्या प्रत्येक कपड्याला एक चिठ्ठी, चिठ्ठीवर इंग्रजी मोठ्या अक्षरांत त्याचं आइसलँडिक नाव, आणि टाचणी. शर्टाला स्किर्ता. पँटीला बुक्सुर. मोज्यांना सोक्कर. कोटाला याक्की. टायला बिंदी.

"ही बिंदी गळ्यात बांधायची का?" चारुशीलाने विचारलं.

"हो."

"मग कुंकू खिशात ठेवत असतील."

तेरा वर्षांची मुक्ता मोबाइलवर उच्चार ऐकून बापाला दुरुस्त करायची. "बाबा, इट्स नॉट जक्की. जे इज य. याक्की."

"याक्की."

"नाउ यू साउंड लाइक यू हेट द कोट."

शिवाय सरावाला लोकरीचे कपडेही हवेत म्हणून गुरुप्रसाद फ्रायडे मार्केटमध्ये जाऊन आले. तिथल्या जुन्या कपड्यांच्या ढिगात त्यांना एक स्वेटर सापडला. तपकिरी, गळ्याभोवती पांढऱ्या नक्षीचा, आणि जाडीला असा, की खाली ठेवला तर आपला आपण उभा राहील. कुणी गोरा साहेब देश सोडताना टाकून गेला असणार. त्याच ढिगात बर्फात घालायची काळी फुगीर पँट मिळाली. चालताना ती दोन झुरळं भांडत असल्यासारखी खस्सखस्स वाजायची. बाहेर तापमान सत्तेचाळीस असताना लोकर विकत घेणारं गिऱ्हाईक पाहून दुकानदाराने भावसुद्धा केला नाही. त्याने फक्त "तब्येत ठीक है ना?" असं विचारलं.

रोज संध्याकाळी एसी सोळावर लागायचा. गुरुप्रसाद कपाटापुढे उभे राहून एकेक कपडा अंगात घालायचे आणि घोकायचे, "एग एर ई पेइसू." म्हणजे मी स्वेटरमध्ये आहे. आइसलँडचे लोक कपडे घालत नाहीत, कपड्यांमध्ये असतात, हे त्यांना फारच आवडलं होतं. पण घरातला एसी त्यांच्याच वयाचा. दुसऱ्या शर्टापर्यंत साथ द्यायचा, सूट चढेपर्यंत नुसता खोकायचा. मग गुरुप्रसाद प्रत्येक कपडा घामाने भिजवून, नाव घोकून, घडी घालून परत कपाटात ठेवायचे.

"कपाटाचा वास येतोय," चारुशीला म्हणाली.

"चिठ्ठीला हात लावायचा नाही. मंगळवारपर्यंत एकही टाचणी हलता कामा नये."

"अहो, पण..."

"एकही टाचणी नाही."

नवऱ्याची आज्ञा अक्षरशः पाळण्याची संधी बायकोला फार क्वचित मिळते. चारुशीलाने ती वाया घालवली नाही. मंगळवारी सकाळी, ते कामावर गेल्यावर, तिने सगळं कपाट, सूटसकट, टायसकट, आणि एकही टाचणी न हलवता, मोठ्या चादरीत बांधलं आणि इमारतीच्या हारिसकडून, म्हणजे राखणदाराकडून, खालच्या लाँड्रीत धाडलं. लोकरीचे कपडे तेवढे हाताने धुवायचे म्हणून मागे ठेवले.

आता ही लाँड्री अशरफची. अशरफला या इमारतीतल्या प्रत्येक शर्टाचा मालक ठाऊक. पण अशरफ केरळला सुट्टीवर गेला होता आणि त्याच्या जागी महबूलाहून तौफीक नावाचा माणूस आला होता. त्याची सगळी हयात बॅचलर कामगारांचे कपडे धुण्यात गेलेली. बॅचलर लोकांची पद्धत अशी, की एका फ्लॅटमधले सगळे जण आपले कपडे एकाच चादरीत बांधून पाठवतात आणि कुणाचं काय ते कळावं म्हणून प्रत्येक कपड्याला मालकाच्या नावाची चिठ्ठी टाचतात. धुणाऱ्याने धुवायचं, इस्त्री करायची, चिठ्ठी पुन्हा जागेवर टाचायची आणि एकेका नावाचं वेगळं पाकीट करून त्या फ्लॅटवर पोचवायचं. तौफीकने तेच केलं. जीव ओतून केलं.

त्या दिवशी कंपनीतून गुरुप्रसाद लवकर सुटले. पाच वाजता अंगात कंपनीचा ऑइलचे डाग पडलेला डांगरी सूट, ओठांवर एग एर ई पेइसू.

"माझा निळा सूट कुठाय?"

"लाँड्रीत. झाला असेल, घेऊन या."

"चिठ्ठ्या?"

"एकीलाही हात लावलेला नाही," चारुशीला म्हणाली, आणि भाजी चिरू लागली.

लाँड्रीत तौफीक वाफेच्या इस्त्रीआड उभा होता.

"गायधनी. तीसरा माला."

तौफीकने वहीत पाहिलं. "ये नाम का कोई कपड़ा नहीं है, साब."

"अरे, नीला सूट. कोट और पतलून."

"हां हां. कोट जक्की साब का था. पतलून बुक्सुर साब का."

गुरुप्रसादने काउंटरला धरलं. "दोनों एक ही आदमी का है."

"कैसे होगा? नाम अलग, पाकीट अलग." तौफीक जरा दुखावला. आपल्या कामात कुणी चूक काढलेली त्याला चालत नसावी. "मैं तो खुद हैरान था, साब. बुक्सुर साब के पास इतना पतलून, लेकिन शर्ट एक भी नहीं. शर्ट सारा स्किर्ता साब का. और एक बिंदी साब है, उसके पास खाली टाई. मैंने सोचा गरीब लोग है, परदेस में मिल-बांटके पहनता होगा."

"वो सब मैं हूं," गुरुप्रसाद म्हणाले.

तौफीकने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. एवढी माणसं या एकात कशी मावतील, याचा अंदाज घेत असावा.

"मेरा कपड़ा किधर है?"

"जिधर जाना था उधर दिया. पहला माला, बैचलर फ्लैट. इतना नाम एक चादर में, तो बैचलर ही होगा ना?"

पहिल्या मजल्यावरच्या त्या फ्लॅटमध्ये मालवणकडचे वेल्डर, फिटर आणि सुतार राहत. कंत्राटावर आलेले, कुटुंबं गावाला. त्यांचा म्होरक्या तुकाराम परब. मंडळाच्या गणपतीची कमान दर वर्षी हीच मंडळी उभी करत, त्यामुळे ओळख होती. आता सरळ वर जायचं, दार वाजवायचं, हसत हसत आपले कपडे मागायचे, झालं. एवढा विचार गुरुप्रसादने जिन्यात केला. जिन्यात विचार नेहमीच सरळ असतात.

दार तुकारामने उघडलं. त्याच्या अंगात गुरुप्रसादचा चौकटीचा शर्ट होता.

"येवा साहेब, येवा. बरोबर टायमाक इलात. आमच्या प्रज्वलाची सोयरीक ठरतहा. मोबाइलवर चेडवाकडची मंडळी बसलीहत."

आत गुरुप्रसादचं अख्खं कपाट ओळीने बसलं होतं. दिवाळीचा पिस्ता रंगाचा झब्बा पंख्याखाली बसून शेव खात होता. ऑफिसचे दोन पांढरे शर्ट दाराशी उभे होते. मेहुण्याच्या लग्नातली तपकिरी पँट जमिनीवर मांडी घालून बसली होती आणि तिची शिवण काय सोसत होती ते तिला ठाऊक. मधोमध स्टुलावर प्रज्वल. पंचविशीतला वेल्डर, केस तेल लावून चप्प, अंगात निळा कोट, गळ्यात टाय. खाली लुंगी, कारण मोबाइलमध्ये छातीखालचं दिसत नव्हतं. त्याच्यासमोर खोक्यावर मोबाइल उभा, आणि त्या एवढ्याशा काचेत कणकवलीतलं एक आख्खं घर कोंबून बसलेलं.

"झकास दिसता ना?" तुकाराम हळूच म्हणाला. "पोराक बरो कपडो नाय म्हणान सकाळपासून तोंड बारीक करून बसलेलो. आणि बघा, मंडळान कपडे धाडल्यानी. धुवन, इस्त्री करून, पाकिटात घालून. दिल्यान कोणी ता म्हायत नाय, पण मोठ्या मनाचो माणूस. नावासुद्धा लिवूक नाय. नुसती कंपनीची लेबला."

गेल्या महिन्यात बॅचलर कामगारांसाठी चांगले जुने कपडे गोळा करायचे, असं मंडळाने जाहीर केलं होतं. जाहीर करणारी चारुशीला.

गुरुप्रसादने तोंड उघडलं. त्यात कुणीतरी कोकम सरबताचा पेला धरला.

"आणि हे कोण?" मोबाइलमधून एक जाड आवाज आला. मुलीचे मामा.

"आमचे साहेब. मोठे इंजिनेर. मंडळाचे." तुकारामने गुरुप्रसादला दंडाला धरून प्रज्वलशेजारी बसवलं. "प्रज्वलाक लानपणापासून वळाखतत."

गुरुप्रसाद त्याला दोन गणपतींपासून ओळखत होते.

"नमस्कार साहेब. मुलगा कसा आहे म्हणायचा?"

गुरुप्रसादने बाजूला पाहिलं. निळ्या कोटाच्या कॉलरवर घामाचा एक थेंब ओघळत होता. प्रज्वलने घाबरून दोन्ही हात मांडीत दाबून ठेवले होते. बोटांवर वेल्डिंगच्या ठिणग्यांचे बारीक डाग. काचेत मामांच्या मागे एक मुलगी बसली होती. ती खाली मान घालून नव्हे, चांगली मान वर करून या कोटाकडे बघत होती.

हा माझा कोट आहे, असं म्हणायला लागतं किती? चार शब्द. गुरुप्रसादच्या तोंडून ते चार निघाले नाहीत, दुसरेच निघाले.

"मुलगा चांगला आहे. मंडळाच्या गणपतीची कमान याने जोडली. धुळीचं एवढं वादळ आलं, आमचा मांडव उडाला. कमान जागची हलली नाही."

मामा खूश झाले. "टापटिपीचा पण आहे. नाहीतर परदेशात पोरं कशीही राहतात. सूट भारी आहे. छातीवर काय लिहिलंय ते? जक्की?"

"याक्की," गुरुप्रसाद सवयीने म्हणाले. "जे म्हणजे य."

"बाहेरची कंपनी आहे का?"

"आइसलँडची."

काचेतल्या घरात कौतुकाची कुजबुज झाली. मग मामांनी पगार विचारला, मग गावच्या आंब्यांचं विचारलं, मग प्रज्वलला उभं राहून दाखवायला सांगितलं. त्यावर फ्लॅटमधल्या सगळ्यांनी एकदम 'नेट गेला, नेट गेला' असा ओरडा केला आणि तुकारामने मोबाइलवर टॉवेल टाकला. बुक्सुर साहेबांची निळी पँट शोधून पोराला चढवेपर्यंत दहा मिनिटं गेली. ती शोधायला गुरुप्रसादने मदत केली. आपण नक्की कुणाच्या बाजूने आहोत, हे तेव्हा त्यांनाही सांगता आलं नसतं.

सहाच्या पुढे ते वर आले. हातात काही नव्हतं.

"सूट?"

"खाली मुलगी बघतोय," गुरुप्रसाद म्हणाले, आणि सगळी हकीगत सांगितली.

चारुशीलाने विळी बाजूला सारली.  मग म्हणाली, "मागितला का नाहीत, असं विचारणार होते. पण जाऊ दे. सलीलभाऊंकडे जा."

सलील बांबूसारखा उंच आणि बांबूएवढाच रुंद. त्याची सर्वांत सैल पँट गुरुप्रसादच्या गुडघ्यांपर्यंत खुशीत आली आणि तिथे तिने नोकरी सोडली. शर्टाची बटणं आपापल्या काजांकडे दुरून बघत राहिली. दुकानात जावं तर फहाहीलच्या बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्या वेळी गाड्यांची रांग. हॉटेलात सातला पोचायचं होतं.

"आता घरात उरलंय काय?" सलीलने विचारलं.

पावणेसातला गुरुप्रसाद गायधनी गाडीत बसले. अंगात गळ्याभोवती पांढऱ्या नक्षीचा स्वेटर, खाली बर्फाची काळी फुगीर पँट. स्वेटरच्या आत फक्त गंजीफ्रॉक, आणि त्याला पोटावर भोक. हारिसने गाडीचं दार लावताना मनातल्या मनात काहीतरी पुटपुटलं. बहुधा दुआ असावी.

"एक बरंय," ते स्वतःशी म्हणाले. "हॉटेलात एसी असतो. आणि बोलायला विषय अंगावरच आहे."

हॉटेलच्या दारात कंपनीतल्या युसरा भेटल्या. नेमणुकांचं सगळं काम त्या बघत. त्यांनी स्वेटर पाहिला, पँट ऐकली, आणि कुवेती शिष्टाचाराला जागून फक्त 'अहलन', म्हणजे 'यावं', म्हटलं. मग म्हणाल्या, "जेवण बाहेर आहे. गच्चीवर. मॅडमची तशी इच्छा."

आइसलँडच्या बाई, नाव स्टेनुन, समुद्राकडे तोंड करून बसल्या होत्या. आखूड पांढरे केस, बिनबाह्यांचा सुती झगा, पायात सपाता. वर्षातले आठ महिने कोंडून काढणाऱ्या माणसाला उघड्यावर बसायचंच असतं, असं त्या हसून सांगत होत्या. सूर्य नुकताच बुडाला होता, पण जाताना भट्टी पेटती ठेवून गेला होता. समुद्रावरून येणारी हवा म्हणजे नुकत्याच उघडलेल्या प्रेशर कुकरची. कंपनीचे मुदीर, म्हणजे मोठे मॅनेजर, डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने वारा घेत होते.

बाकीचे दोन उमेदवार होते मुंबईचा अभिजीत आणि एक कैरोचे इंजिनिअर. दोघे सुटात. सूप येईपर्यंत कैरोच्या इंजिनिअरांनी कोट काढला. कबाब येईपर्यंत अभिजीतने कोट, टाय आणि वरची दोन बटणं सोडली. मग एकाला फोन आला म्हणून तो आत गेला, दुसरा त्याला शोधायला म्हणून आत गेला, आणि काचेपलीकडे दोघे एसीखाली उभे असलेले सगळ्यांना दिसत राहिले.

गुरुप्रसाद बसून राहिले. त्यांच्या अंगातून पाणी कुठून कुठे वाहत होतं याचा नकाशा काढला असता, तर कंपनीला पाइपलाइनचा नवा आराखडा मिळाला असता. पण स्वेटर काढणार कसा? आत भोक होतं. त्यांनी पाठ ताठ ठेवली, चेहरा हसरा ठेवला, आणि वाफेच्या विहिरींवर बोलत राहिले. कामाचं त्यांना खरंच कळत होतं, आणि विचारलं तेवढंच सांगत होते, कारण जास्त बोललं की जास्त घाम येत होता.

शेवटी स्टेनुनबाईंना राहवलं नाही. "तुम्हाला उकडत नाहीये का?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

हाच तो क्षण. गुरुप्रसादने घसा साफ केला.

"एग एर ई पेइसू."

बाईंच्या हातातला काटा तिथेच थांबला. त्यांनी स्वेटरकडे पाहिलं, नक्षीकडे पाहिलं, मग गुरुप्रसादच्या तोंडाकडे, आणि त्या अशा हसू लागल्या, की शेजारच्या टेबलावरच्या लोकांनी वळून पाहिलं. डोळे पुसत त्या म्हणाल्या, "ते मला दिसतंय." मग नक्षीवर बोट ठेवलं. "असा माझ्या आजोबांकडे होता. ते तो घालून मासे पकडायला जायचे. हिवाळ्यात."

बुधवारी दुपारी युसराबाईंचा फोन आला. निवड झाली होती. गुरुप्रसादने फोन स्पीकरवर टाकला, चारुशीलाला बोलावलं, मुक्ताला बोलावलं.

"मॅडम म्हणाल्या, इतका उकाडा सोसणारा माणूस त्यांनी आजवर पाहिला नाही," युसरा सांगत होत्या. "कामाची माहितीही चांगली आहे म्हणाल्या. पण ठरलं ते त्या स्वेटरवर. साइटला असाच माणूस हवाय."

"साइटला उकाडा?" चारुशीलाने विचारलं.

"हो ना. जिबूती. मार्चपासूनच तापतं म्हणे."

 मुक्ताने मोबाइलवर नकाशा काढला आणि मोठा केला. आफ्रिकेच्या कडेला, लाल समुद्राच्या तोंडाशी, एक छोटा तांबूस ठिपका.

"बाबा," ती म्हणाली, "ओव्हर द होल इयर, इट इज हॉटर दॅन हिअर. लाइक, अॅक्च्युअली हॉटर."

गुरुप्रसाद दोन मजले वर गेले. सलील दारातच उभा होता, जणू वाट बघत असल्यासारखा.

"कंपनी आइसलँडची आहे रे," तो म्हणाला. "काम तिकडे नाही. तिसरं जोडपत्र."

"तू मिसळ खाताना का नाही बोललास?"

"बोललो की. मला ते हवामान झेपायचं नाही म्हणालो. तू पाव घेतलास."

नाही म्हणायची सोय नव्हती. मुदीर सगळ्यांसमोर पाठ थोपटून गेले होते, पगार बरा होता, आणि मुख्य म्हणजे गेले महिनाभर गुरुप्रसादने ज्यांना ज्यांना सांगितलं होतं त्या सगळ्यांना आता उलटं सांगायचं झालं असतं तर दोन वर्षं त्यातच गेली असती. बर्फ मिळणार नाही, हे तेवढं चारुशीलाने बहिणीला कळवायचं ठेवलं. अजून ठेवलेलंच आहे.

शुक्रवारी तुकाराम पेढे घेऊन आला. प्रज्वलचं जमलं होतं. कपडे कुणाचे होते ते त्याला तोवर तौफीककडून कळलं होतं, त्यामुळे सोबत बाकीची पाकिटंही होती. धुतलेली, इस्त्री केलेली, चिठ्ठ्यांसकट.

"कोट तेवढो," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "चेडवाकडच्यांनी सांगितल्यानी, रिसेप्शनाक तोच घालूचो. याक्कीच व्हयो म्हणतत."

"असू दे," गुरुप्रसाद म्हणाले. "पँटही राहू दे. पुन्हा नेट जायला नको."

तो गेल्यावर ते पेढा खात खुर्चीत बसले. मनाशी हिशेब मांडला. एका संध्याकाळी दोन निवडी झाल्या, दोन्ही अंगावरचे कपडे बघून झाल्या, आणि दोन्ही माणसं भलत्याच कपड्यांत होती. त्यातल्या एकाचं भलं झालं हे नक्की. मग त्यांनी उगाच, सहज म्हणून, ती वेबसाइट उघडली. जिबूतीत फ्रेंच चालतं. फ्रेंचचा पहिला पाठ, कुलूप. दुसरा, कुलूप. फुकट उघडत होता तो एकच.

त्यांनी मान वर केली. चारुशीला समोर उभी होती. तिने स्क्रीन पाहिला, रिमोट उचलला आणि सोळावरचा एसी एकोणतीसवर नेऊन ठेवला.

"सवय करायला लागू या," ती म्हणाली.

टाचण्यांची डबी तिने कुठे ठेवली आहे, ते गुरुप्रसादला अजून सापडलेलं नाही.